लग्नापुरती मुकी

पिंपरी,
सोमवार, १० मार्च १९८०, सकाळी साडेसात

प्रिय किसन,

सप्रेम जयभीम.

रविवार, २० जानेवारी १९८०, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. तुझ्या दिघीच्या घरात, पुढच्या खोलीत, सात माणसांसमोर तू मला मुकी केलंस. वेळ इतकी नेमकी कशी, असं विचारू नकोस. सोळा वर्षं कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसून मी प्रत्येक ट्रंककॉलची वेळ लिहिली आहे. काही घडलं की माझी नजर आपोआप घड्याळाकडे जाते. तुझ्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं. ती पाच मिनिटं मी वजा केली आहेत.

नीलाला बघायला आलेल्या लक्ष्मणरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवत विचारलं, "आन् ह्या कोन म्हनायच्या?" मी तोंड उघडणार तोच तू म्हणालास, "ही माझी थोरली बहीण, कस्तुराअक्का. बिचारीला बोलता येत नाही. आजारपणात वाचा गेली." बिचारी हा शब्द तू कुठून आणलास रे? आपल्या आईनं तो कधी वैऱ्यालाही लावला नव्हता. त्यांच्या बायकोनं, चतुराबाईंनी, "अगं बाई गं" म्हणून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तुझी सुमन ट्रेमधले कप सारखे करत राहिली. आठ कप होते, ते किती वेळ सारखे करणार? मुलगा, ज्योतीराम, खाली मान घालून बसला होता. आणि तुझी लेक नीला माझ्याकडे बघत होती. तिला मुलगा पसंत होता, हे मला आदल्या आठवड्यातच कळलं होतं. पोरीनं डोळ्यांनी हात जोडले होते. मी तोंड मिटलं, पोह्यांचा घास घेतला आणि मान हलवली. ती मान हलवली त्या क्षणी तुझं खोटं माझंही झालं.

हे मी तुला समोर बसवून सुनावलं असतं. पण गेल्या तीन वर्षांत तू माझं एक वाक्य पुरं ऐकलेलं नाहीस. मी बोलायला लागले की तुझी नजर माझ्या वरच्या ओठावर जाते आणि तिथून दाराकडे, कुणी येत तर नाही ना म्हणून. कागदाला आवाज नसतो. कागद तू शेवटपर्यंत वाचशील अशी आशा आहे. सुमन मागून डोकावली तर डोकावू दे.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुझी आठवण मोठी सोयीची आहे. शहात्तरच्या दिवाळीनंतर माझ्या दंडावर जांभळे डाग उठायला लागले. मला वाटलं, बोर्डाची कड लागते. मग हिरड्यांतून रक्त. मग ऑफिसच्या जिन्याच्या सतरा पायऱ्या, ज्या मी बोलत बोलत चढायची, त्या तीन ठिकाणी थांबून चढायला लागले. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला, आणि एका पोरसवदा डॉक्टरनं सांगितलं की हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं, तिथलं काम बंद पडत आलं आहे. का, ते त्याला माहीत नव्हतं. मी इंग्रजीत विचारून पाहिलं, तरी माहीत नव्हतं. तू शेजारी उभा होतास. त्या वर्षी तू मला तीन वेळा रक्त दिलंस. ते मी विसरलेले नाही, म्हणूनच हे पत्र लांबतंय. परक्या माणसाला मी चार ओळींत निकालात काढलं असतं. तुझ्या कंपनीच्या गेटवरच्या कोंडीराम वॉचमननं दोनदा दिलं. दरवेळी म्हणायचा, "अक्का, आमचं रगात तिखट हाय. चार दिस तोंडात शिव्या आल्या तर आमाला दोष देऊ नगा." शिव्या मला आधीपासूनच येत होत्या, हे त्याला ठाऊक नव्हतं.

लोकांना या आजाराची दोनच चित्रं कळतात: माणूस खाटेला खिळलेलं किंवा खडखडीत बरं झालेलं. मधली वर्षं कुणी बघत नाही. मधल्या वर्षांत आज केस धुतले तर आज बाजार नाही. बाजारात गेलेच तर संध्याकाळचा भात शेजारच्या अंबुबाईंकडून. दात घासायचे ते बोटाला कापूस गुंडाळून. विळीवर बसायचं नाही, कारण नखाएवढी चीर दिवे लागेपर्यंत वाहत राहते. बारशाच्या घरात कुणी खोकत असेल तर उंबऱ्यावरूनच परत फिरायचं; आणि परत फिरलं की मागून ऐकायचं, "कॉन्व्हेंटची मडम ती, तिला आपल्यात बसायला लाज वाटते." त्याच बायकांनी पुढे माझा पाण्याचा पेला वेगळा काढला. हा आजार लागत नाही, हे मी दहा वेळा सांगितलं. आपल्या आईनं जन्मभर वेगळे पेले पाहिले, किसन. ते मला आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसांच्या फळीवर बघायला मिळाले.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये पुरुषी हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरनं आधीच बजावलं होतं: ओठावर लव येईल, आवाज जाड होईल आणि तो परत फिरणार नाही. मी म्हटलं, द्या. तीन-चार महिन्यांत फरक दिसला. आधी दर तीन आठवड्यांनी रक्ताची बाटली लावावी लागायची, ती चार-चार महिने लागेना. एके दिवशी सतरा पायऱ्या मी न थांबता चढले आणि वर जाऊन एकटीच हसले. ते हसू ऐकून डिस्पॅचचा शिपाई बाहेर आला आणि कोण साहेब हसले म्हणून बघायला लागला.

आपले वडील, भिवा ओव्हाळ, खडकीच्या ज्या कॉन्व्हेंटच्या बागेत माळी होते, तिथल्या सिस्टरांनी मला फुकट शिकवलं आणि छडीनं माझा आवाज घडवला. मुंबईचे ग्राहक विचारायचे, तुमच्या ऑपरेटरबाई अँग्लो-इंडियन आहेत का? मला गुदगुल्या व्हायच्या. आता तेच विचारायला लागले, "अरे भाई, मॅडम किधर गयी?" मी म्हणायची, मीच बोलतेय. ते फोन ठेवायचे. दोन महिन्यांनी मला बोर्डावरून उठवून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, "तुमच्या तब्येतीसाठी" असं म्हणून. माझी तब्येत तेव्हा साहेबांपेक्षा बरी होती. पुढच्या वर्षी मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, ती त्या टेबलाला कंटाळून.

पण त्याआधी मी जो मूर्खपणा केला, तो आज नीट लिहून ठेवायला हवा. बोर्डावर परत बसायला मिळेल या आशेनं मी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरला विचारलं नाही. फक्त तुला सांगितलं. सहा आठवडे गेले. आवाज होता तसाच घोगरा राहिला. सातव्या आठवड्यात नाकातून रक्त सुरू झालं, ते चार तास थांबेना. पाच दिवसांत सहा बाटल्या चढवल्या. डॉक्टर मला म्हणाला, बाई, आणखी दोन दिवस उशीर केला असता तर मला बोलायला तुम्ही सापडला नसता. तू उशाशी बसून लहान मुलासारखा रडलास. म्हणालास, "अक्का, आवाज गेला खड्ड्यात. तू ऱ्हा." ते वाक्य बोलणारा माणूस मी अजून शोधते आहे.

कारण गेल्या डिसेंबरात तूच माझ्या खोलीत येऊन, चप्पल न काढता दारातच उभा राहून म्हणालास, "अक्का, लग्नापुरत्या त्या गोळ्या बंद ठेवता येतील का? तीनच महिने. पाहुण्यांसमोर जरा बरं दिसेल." मी हसले. तुला वाटलं, चेष्टेवारी नेलं. मी हसले, कारण नीला माझ्या स्वयंपाकघरात चहा गाळत होती, आणि तुला जे बोलावंसं वाटत होतं ते तिच्या कानावर जायला नको होतं. गोळ्यांना मी नाही म्हटलं, म्हणून तू दुसरा उपाय काढलास. ओठावर पदर घेता येतो. आवाजावर पदर घेता येत नाही. मग बाईच मुकी.

मुकेपणाची मजाही सांगते, ऐक. अंबुबाईंना मला कटात घ्यावं लागलं. तुझ्या व्याह्यांकडून कुणी आलं की त्या माझ्या वतीनं बोलतात. त्यांनी परस्पर सांगून टाकलं की अक्कांना चहा गोडमिट्ट लागतो. दीड महिना मी तो पाक पिते आहे. चतुराबाई पहिल्या खेपेला आल्या तेव्हा हातवारे करत होत्या. साडीचा काठ विचारताना त्यांनी हवेत इतकी मोठी रेघ ओढली की फळीवरचा डबा पडला. दुसऱ्या खेपेला ओरडून बोलल्या, कारण मुकी म्हणजे बहिरीही, असा त्यांचा हिशेब. मला ऐकू येतं हे कळल्यावर मात्र त्या पाय पसरून बसल्या आणि बोलतच सुटल्या. "ताई, तुमच्यापाशी बोललं की लई बरं वाटतं बगा. दुसऱ्या बाया मदीच बोलत्यात." पहिल्या बाळंतपणात सासूनं भाकरी कशी मोजून दिली, लक्ष्मणराव वरून कडक आणि आतून भित्रे कसे, ज्योतीरामला भोसरीच्या वर्कशॉपात लेथवर कायम कधी करणार, सगळं. दर आठवड्याला निघोज्याहून पिंपरीच्या बाजारात यायच्या आणि पिशवी माझ्या दाराशी टेकवायच्या. ती बाई मला आवडायला लागली, किसन. हे तुझ्या बेतात नव्हतं.

काल रविवारी दुपारी चार वाजता ती आली, ती नीलाची लग्नाची पांढरी साडी दाखवायला. साडी खुर्चीवर पसरली, हात धुवायला उठली आणि फळीवरची माझ्या गोळ्यांची बाटली तिला दिसली. तिला वाचता येत नाही. पण तिनं बाटली उचलली, झाकण फिरवलं, एक गोळी तळहातावर घेऊन उजेडात धरली. "ह्या गोळ्या तुमाला बी?" मी मान हलवली. तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या जाईला बी ह्याच हायत."

जाई म्हणजे ज्योतीरामची धाकटी बहीण. एकोणीस वर्षांची. आपल्याला सांगितलं होतं, ती मामाकडे शिकायला असते. ती निघोज्यात, घराच्या मागच्या खोलीत आहे. तिलाही हेच झालं आहे, दीड वर्षापासून. आता आठव, लक्ष्मणराव तुला पहिल्यांदा भेटले कुठे. हॉस्पिटलच्या रक्तपेढीच्या रांगेत, गेल्या पावसाळ्यात, माझ्यासाठी बाटली न्यायला गेला होतास तेव्हा. तू मला आनंदानं सांगितलं होतंस की फार भला माणूस भेटला, शेजाऱ्याच्या पोरीसाठी तीन तास उभा होता. आणि तू त्यांना काय सांगितलं होतंस? कंपनीतल्या एकासाठी आलोय म्हणून. दोन परोपकारी बाप! एकमेकांच्या चांगुलपणावर भाळून तुम्ही सोयरीक जमवलीत, एकानं बहीण लपवून आणि दुसऱ्यानं लेक.

चतुराबाई बोलत होती आणि मी ऐकत होते. "म्हैना झाला, मालकांनी गोळ्या बंद केल्या. म्हनले, ओठावर क्यास घिऊन पोरगी मांडवात हिंडली तर लोकं काय म्हनतील? उद्या तिला कोन करंल? एवडं लगीन उरकू दे, मग करू चालू." मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "जाईनं मुकाट्यानं बाटली बापाच्या हातात दिली." आणि मग, साडीची घडी घालता घालता, जणू भाजीचा भाव सांगावा तसं, "तीन दिस झालं, हिरड्यातनं रगात येतंय. सकाळी उशी लाल हुती. उन्हाळ्याची उष्णता आसंल, न्हवं?"

उष्णता! तू जागा होतास ना माझ्या उशाशी? लग्न सहा एप्रिलला आहे. ती पोर सहा एप्रिल बघणार नाही. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. इंग्रजीत, मराठीत, बाईच्या आवाजात, बाप्याच्या आवाजात, कसंही. ते माझ्या जिभेवर होतं. आणि समोर ती साडी होती, आणि जानेवारीतले नीलाचे डोळे होते. मी काय केलं? बाटलीतल्या अर्ध्या गोळ्या कागदात बांधून तिच्या मुठीत कोंबल्या. तिनं त्या परत फळीवर ठेवल्या. "नगं ताई, मालक वरडतील." मी तिच्या दंडाला धरून नुसती मान हलवत राहिले. ती म्हणाली, "रडू नगा. पोरगी धट हाय." मग साडी नीलासाठी माझ्याकडे ठेवून, पिशवी उचलून पाचच्या गाडीसाठी निघाली. मी दारापर्यंत गेले. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राहिले. हाक मारली नाही. जानेवारीत मला तू मुकी केलंस. काल मी माझी मी झाले, आणि त्याचा दोष मी तुझ्यावर टाकू शकत नाही. टाकावासा फार वाटतो.

म्हणून हे पत्र. मला तुझी माफी नको आहे. ती तू सुमनकडे दे, ती डब्यात घालून ठेवेल. तू आज निघोज्याला जायचंस. लक्ष्मणरावांसमोर बसून सांगायचंस की माझी बहीण बोलते, तिला जाईचाच आजार आहे, तिनं सहा आठवडे गोळ्या बंद केल्या तेव्हा काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि पोरीला घेऊन आजच्या आज पुण्याला चला. मी स्वतः का जात नाही? मला पुरुषाचा आवाज मिळाला, पुरुषाचं वजन मिळालं नाही. सात आठवडे मुकी बनून फसवणाऱ्या बाईला ते अंगणातूनच परत पाठवतील. तुझं ऐकतील, कारण तूही मुलीचा बाप आहेस, आणि हे बोलताना तुझं काय जाणार आहे ते त्यांना दिसेल. नीलाच्या आड लपू नकोस. ती आज सकाळी सहालाच साडी न्यायला आली होती; मी तिला सगळं सांगितलं, आणि या पत्राचा कच्चा कागद तिनं वाचला. मग म्हणाली, "आत्या, मोडलं तर मोडू दे. पण तू बाबांना बुधवारपर्यंत वेळ का देतेस?" म्हणून बुधवार खोडला आहे. कोंडीराम हे पत्र दहाच्या सुमारास तुझ्या हातात देईल आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही, असं त्यानं कबूल केलं आहे. मला तुझं उत्तर लेखी हवं, तुझ्या अक्षरात, सहीनिशी, आज सोमवार, दहा मार्च, दुपारी दोन वाजायच्या आत. "जातो" किंवा "जात नाही", एवढंच लिही. कारणं लिहू नकोस. दोनपर्यंत "जातो" आलं नाही, तर मी कुलूप लावून भोसरीच्या नाक्यावरून चाकणची एस.टी. पकडणार, नदीचा पूल गेला की उतरणार आणि दर शंभर पावलांवर बसत बसत निघोज्यापर्यंत चालत जाणार. "जात नाही" असं लिहिलं असशील, तर तो कागद बरोबर असेल. तो मी चतुराबाईंना आणि त्या पोरीला वाचून दाखवणार आहे, मोठ्यानं, माझ्या या आवाजात.

तुझीच,
कस्तुराअक्का